एकशे नव्वद ग्रॅमचं पिस्तूल

३ नोव्हेंबर

तेहतीस वर्षं ठाण्याच्या डायरीत साहेबांना हवं ते लिहिलं. निवृत्तीला दोन महिने उरलेत, म्हणून ही वेगळी वही आणली. हिच्यात मला हवं ते लिहिणार. ठाण्याचं नाव मात्र लिहिणार नाही. इंदापूर तालुक्यातलं एक ठाणं आणि त्यातला एक सहायक फौजदार महिपती, एवढं पुरे. हत्यारांचं कपाट माझ्या ताब्यात आहे आणि त्याची किल्ली माझ्या करदोड्याला.

आज वरून परिपत्रक आलं. विषय, 'त्रिमितीय मुद्रण यंत्राद्वारे निर्मित घरगुती अग्निशस्त्रांस प्रतिबंध'. चार पानं आहेत, आणि लिहिणाऱ्यालाही ती समजली नसावीत. माणसाच्या भाषेत सांगायचं तर प्लॅस्टिकची तार वितळवून, थरावर थर चढवून वस्तू बनवणारं एक यंत्र निघालंय. त्यावर कुणी घरबसल्या बंदूक बनवू नये, म्हणून हद्दीतल्या प्रत्येक यंत्राची नोंद करा, मालकाला वही ठेवायला लावा, दर आठवड्याला ती तपासा. इथे पाणंदीवरच्या हातभट्ट्या सापडत नाहीत आम्हाला, आणि आता घराघरातली यंत्रं शोधायची.

साहेब म्हणाले, "महिपतराव, हत्यारं तुमच्याकडे आहेतच. हेही घ्या." साहेबांचं वय अठ्ठावीस. मिशी नवीन, बूट त्याहून नवीन.

घरी सारजाची कटकट. मिक्सरच्या बुडातलं चाक झिजलंय. कंपनी म्हणते जुना मिक्सर, पार्ट मिळणार नाही. मी म्हटलं, पाटा आहे ना.

७ नोव्हेंबर

पोलीस पाटलांकडून याद्या आल्या. एकूण एकेचाळीस यंत्रं! वाचून धन्य झालो. त्यात झेरॉक्सवाले, फ्लेक्सवाले, लग्नपत्रिका छापणारे, आणि एकाने तर रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीनही घातलंय. नरसिंहपूरकडच्या एका पाटलाने कळवलंय, 'आमचे गावी बंदूक छापली जात नाही, सबब माहिती निरंक.' हे लोक गावाची शांतता राखतात.

खरी यंत्रं निघाली चार. कळंबच्या इंजिनिअरने आपलं वैरणीखाली लपवलं. दोघांनी रातोरात बारामतीला मेव्हण्यांकडे पोचवलं. उरली अंथुर्ण्याची सबिना.

८ नोव्हेंबर

अंथुर्ण्याला जाऊन आलो. अमजदभाईंचं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे, मागच्या खोलीत मुलीचं यंत्र. बारामतीला शिकली. ठिबकच्या फिल्टरची टोपणं, फवारणी पंपाची चाकं, जे जे बाजारात मिळत नाही ते ती बनवते. शेतकरी तुटका तुकडा खिशातून काढतो, ती मोजमाप घेते आणि दुसऱ्या दिवशी नवा देते.

अमजदभाई फॉर्म भरू देईनात. "कशापायी नाव द्यायचं, फौजदार? उद्या काय झालं की यादीत पैलं नाव आमचंच निघंल."

मला रागच आला. म्हटलं, "लपवणाऱ्यांनी घाबरावं. कागद साफ असला की कुणाचा बाप काही वाकडं करू शकत नाही. माझा शब्द."

पोरीने फॉर्म भरला. वहीसुद्धा आखली, तारीख, वस्तू, गिऱ्हाईक, कारण, वजन. वजन कशाला, विचारलं, तर म्हणाली, "काका, तार किती लागली त्याच्यावर भाव ठरतो. आन् वजन खोटं बोलत न्हाय." तालुक्यात एक तरी माणूस रकाने पूर्ण भरतं, बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर

निवडणुकीची आचारसंहिता लागलीय. परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची. दर निवडणुकीचा हा तमाशा मी तेहतीस वर्षं पाहतोय. ज्याच्या शेतात डुक्कर शिरत नाही त्याच्याकडे 'पीक संरक्षणा'ची बंदूक, आणि ज्याच्या उसात बिबट्या पिलं घालतो त्याच्याकडे पत्र्याचा डबा. आज सात हत्यारं आली. एकाच्या बंदुकीच्या नळीत कोळ्याचं जाळं होतं. मालक म्हणे, जिवाला धोका आहे.

१५ नोव्हेंबर

सबिनाची वही तपासली. तेरा तारखेला नोंद: 'शोभेचं पिस्तूल, भरीव, नळीला भोक नाही, एक नग, १९० ग्रॅम. गिऱ्हाईक रतन, ड्रायव्हर. कारण: गावातलं नाटक.'

"हे काय गं?"

"नाटकाला पायजे म्हणाला, काका. मी म्हटलं भरीव देणार, भोक ठेवणार न्हाय. फोटू दावला तसंच केलंय, काळा रंग बी दिला. पर लिवून ठेवलं. तुमीच म्हणला व्हता, सगळं लिवायचं."

हसू आलं. या लोकांना नाटकाला पिस्तूल मिळतं, फक्त नट मिळत नाही. रतन कोण, हे विचारायचं राहिलं. या भागात रतन नावाचे दहा ड्रायव्हर असतील. खाली 'पाहिले' लिहून सही ठोकली.

१७ नोव्हेंबर

विजयसिंहदादांचं पिस्तूल आज जमा झालं. दीडशे एकराचे बागायतदार, स्वतः कशाला येतील? ड्रायव्हर गाडी घेऊन आला. लाल मखमलीचं कव्हर, सोनेरी गोंडे, वर खंडेनवमीच्या पूजेचा लाल धागा आणि हळदकुंकू. मी गाठीला हात घातला तर रतन म्हणाला, "फौजदार, गाठ सोडू नगा. थोरल्या आबांपासनं पद्धत हाय. दसऱ्याला बांधलेली गाठ दादाच सोडत्यात, दुसऱ्याचा हात लागला की हत्यार बाटतं."

काय थेर! पण मोठ्यांच्या थेरांना पद्धत म्हणतात. याआधीही दोन निवडणुकांत कुणी ती गाठ सोडली नव्हती. मीही गाठीवर लाख ओतून ठाण्याचं सील उठवलं, नंबर परवान्याच्या पुस्तकावरून उतरवला, पावती दिली. उचलून कपाटात ठेवताना हसू आलं. माझा जेवणाचा डबा जास्त जड असतो. पैसा वाढला की माणसाची हत्यारंही नाजूक होतात, परदेशी असणार.

रतनने जाताना दादांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि बर्फीचा पुडा ठेवला. पत्रिकेवर माझं नाव हाताने लिहिलंय, 'श्री. महिपतराव'. साहेबांच्या पत्रिकेवर नुसतं 'पोलीस स्टेशन' आहे. माझी पत्रिका मी कपाटावर साहेबांना दिसेल अशी ठेवली.

२३ नोव्हेंबर

लग्नाला जाऊन आलो. दादांनी स्वतःच्या हाताने मला फेटा बांधला. आमदारकीला पडलेले दोघे बाजूला उभे होते, त्यांना नाही बांधला. असल्या गोष्टींचं मला काही नाही, पण नोंद करून ठेवतो.

बाकी सगळा दिखावा होता. नवरा मुलगा घोड्यावर झोपला होता. वरात वेशीजवळ पोचली तेव्हा मी मंडपात जिलबी खात होतो. एक मोठा आवाज झाला. फटाका समजून दुसरी जिलबी घेतली. मग बायका ओरडायला लागल्या.

बॅन्डमधला कर्णावाला भीमा, त्याच्या डाव्या हातातून गोळी आरपार गेली. बारामतीला हलवलाय. यांच्या घराण्यात लेक वेस ओलांडताना बार काढायची रीत आहे म्हणे. पण दादांचं पिस्तूल तर माझ्या कपाटात.

२४ नोव्हेंबर

चारशे माणूस वरातीत होतं. त्यातल्या एकालाही काही दिसलं नाही. कुणी नाचत होता, कुणी वाकून चप्पल शोधत होता. एवढ्या चपला एकाच क्षणी हरवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

भीमाचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो. तीन बोटं हलत नाहीत. कर्णा त्याच हाताने धरायचा तो.

"कुणी झाडली?"

"म्या काय सांगू, फौजदार? दादा माझ्या म्होरंच व्हतं. पर तुमचं सायेब म्हणत्यात, दादांचं हत्यार तर ठाण्यात जमा हाय, पावती हाय, सही हाय. मंग मला दिसलं त्ये खोटंच म्हणायचं न्हवं?"

माझी सही. मी जबाबात लिहिलं, 'झाडणारा इसम दिसला नाही.'

२६ नोव्हेंबर

साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. परवान्याचं पिस्तूल जमा आहे, गोळी खरी आहे, म्हणजे झाडणारं हत्यार घरगुती. घरगुती म्हणजे छापलेलं. छापलेलं म्हणजे हद्दीतलं यंत्र, आणि हद्दीतलं यंत्र कागदावर एकच. जिल्ह्यातला पहिला गुन्हा आपल्या ठाण्यात, म्हणून साहेबांना रात्रभर झोप नाही. आज तीन गाड्या घेऊन अंथुर्ण्याला गेलो. खोलीत यंत्र, पोरगी आणि फवारणी पंपाची अकरा चाकं. सगळं पांढऱ्या पोत्यात भरलं. टीव्हीवाले आमच्या आधी पोचले होते. त्यांना कुणी कळवलं हे विचारायची सोय नाही.

साहेबांनी वही उघडली आणि तेरा तारखेच्या नोंदीवर बोट ठेवलं. "कबुलीजबाबच आहे हा! स्वतःच्या अक्षरात."

"भरीव लिवलंय, साहेब. भोकच न्हाय त्याला," सबिना म्हणाली.

"लिहायला काय, काहीही लिहितील. भोक नंतर पाडलं असेल. कुठे आहे ते पिस्तूल?"

"रतनकडं."

दादांच्या रतनला बोलावलं. तो म्हणाला, मी या बाईला ओळखतच नाही. साहेबांनी वही मिटली. नोंदीखालची माझी 'पाहिले' त्यांनी पाहिली की नाही, कळलं नाही. गाडीत बसताना पोरगी माझ्याकडे वळली. "काका, कागद साफ हाय की." अमजदभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला सहा महिने लागतात. एकदा अटक दाखवली की तोवर तिने आत राहायचं.

२७ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. रतन हे नाव साधं आहे. दहा असतील.

२९ नोव्हेंबर

सबिनाला रोज सकाळी चौकशीला बोलावतात, संध्याकाळी घरी सोडतात. बाकावर बसून असते, महिला शिपाई शेजारी. निकाल चार तारखेला लागेल, मग बंदोबस्तातून माणसं मोकळी होतील आणि अटक दाखवायची, असं साहेबांचं ठरलंय. तोवर कपाटाला हात लावायचं मला काही कारण नाही.

सारजाने आज पाट्यावर चटणी वाटता वाटता विचारलं, "आवं, त्या दादांचं हत्यार तुमी उघडून बघितलं व्हतं न्हवं?"

"त्यात काय बघायचं? पद्धत आहे त्यांची."

तिने वरवंट्याला लागलेली चटणी बोटाने निपटली. "मी बाजारात वांगं घेताना बी देठ उलटून बघती."

बायकांना कायद्यातलं काय कळतं! जेवण मात्र गेलं नाही.

१ डिसेंबर

कपाट उघडलं. मुद्देमालात गांजा मोजायचा काटा आहे, त्यावर मखमलीची पिशवी ठेवली. सील तोडलं नाही, गाठ सोडली नाही. गोंडे, लाख, कव्हर सगळं मिळून तीनशे वीस ग्रॅम. दादांच्या परवान्यावरचं पिस्तूल रिकामं पाऊण किलोच्या पुढे भरतं, हे मी झोपेतही सांगेन.

तेहतीस वर्षं लोकांना हसलो. झेरॉक्स मोजणाऱ्या पाटलांना, चपला शोधणाऱ्या वऱ्हाड्यांना, साहेबांच्या मिशीला. आणि खोटं पिस्तूल आणून दिलं ते मलाच, माझ्याच टेबलावर, भर दुपारी. त्यांना ठाऊक होतं, हा माणूस गाठ सोडणार नाही. रतन ते नाटकासाठी म्हणाला होता. खोटं नव्हता बोलत. नट माझ्यासारखा मिळाला त्यांना.

खऱ्या पिस्तुलानं बार काढायचा, म्हणून खोटं जमा केलं. एवढं साधं आहे, आणि पंधरवडा मी ते न कळल्याचं सोंग करत होतो.

२ डिसेंबर

दादांचा फोन आला. "महिपतराव, तुमचा निरोप समारंभ आमच्या मळ्यावर करू. आमची अब्रू तुमच्या सहीवर उभी हाय, बरं का." आवाजात नुसतं तूप. निकालानंतर लगेच रतन हत्यार न्यायला येईल. एकदा ती पिशवी दारातून बाहेर पडली की ठाण्यात पुरावा म्हणून उरणार सबिनाची वही. त्यात तिच्या हातचं पिस्तूल आहे आणि माझ्या हातचं 'पाहिले'.

तोंड उघडलं तर निलंबन नक्की. पेन्शन अडकेल, चौकशी लागेल. बंद ठेवलं तर एकतीस तारखेला हार, शाल, श्रीफळ. मला भीती वाटते. हे इथे लिहायला हरकत नाही, ही माझी वही आहे.

४ डिसेंबर

निकाल लागला, गुलाल उधळला. रतन पत्र घेऊन हजर, फेटा बांधून. मी पंच बोलावले. ठाण्यासमोर भाजी विकणारी कुशाबाई आणि पलीकडचा न्हावी दत्तोबा. साहेब म्हणाले, "परत द्यायला पंच कशाला?" म्हटलं, "साहेब, नियम आहे. इतकी वर्षं पाळला नाही म्हणून तो रद्द झाला नाही." सबिना बाकावर बसली होती. तिला म्हटलं, तू पण ये.

पिशवी टेबलावर ठेवली. "रतन, गाठ सोड."

"आमच्यात सोडत न्हाईत, फौजदार. दादांनी सांगितलंय..."

"मग मी सोडतो."

"हत्यार बाटंल!"

"बाटू दे."

लाख नखाखाली गेली. धागा सुटेना, शेवटी दत्तोबाने खिशातली कात्री दिली. कव्हर उलटं केलं तर टेबलावर ते पडलं. आवाज असा झाला की कुशाबाई मोठ्याने म्हणाली, "आगं बया! ह्ये तर पिलॅश्टिक हाय!"

साहेबांनी उचललं, नळीकडे पाहिलं. भोक नव्हतंच. काट्यावर ठेवलं, एकशे नव्वद. वही पोत्यातून काढून तेरा तारीख उघडली, एकशे नव्वद. रतन खाली बसला. सबिना रडली नाही. एवढंच म्हणाली, "रंग उडालाय जरा."

पंचनामा मी लिहिला. शेवटचं वाक्य असं: 'सदर हत्यार दि. १७ नोव्हेंबर रोजी मी स्वतः न उघडता, न पाहता जमा करून घेतले व क्रमांक परवान्यावरून उतरवला.' साहेब कानाशी येऊन म्हणाले, "महिपतराव, शेवटचं वाक्य गाळा. सील कपाटात कुणीतरी बदललं असेल, असं दाखवू." मी सही केली. मग कुशाबाईने वाचून दाखवायला सांगितलं. पूर्ण वाचून झाल्यावरच तिने अंगठा दिला.

६ डिसेंबर

निलंबित. अपेक्षा होतीच.

पेपरात साहेबांचा फोटो आहे. 'तरुण अधिकाऱ्याच्या चाणाक्ष नजरेने बनाव उघड'. खरं पिस्तूल दादांच्या देवघरात, दसऱ्याच्या आपट्याच्या पानांखाली सापडलं. दादा पुण्याला दवाखान्यात आहेत, छातीत दुखतंय. यांची छाती नेमकी गुन्हा दाखल झाल्यावरच दुखते. चारशे वऱ्हाड्यांपैकी एकोणीस जणांना आता सगळं दिसलं होतं. चपला सापडल्या वाटतं.

भीमाला भेटून आलो. माफी मागितली. तो म्हणाला, "म्हंजी आता मला दिसलं त्ये खरं झालं व्हय?" बोटं अजून हलत नाहीत. माझ्या सहीने ती हलणार नाहीत, आणि हे मला कुठल्या रकान्यात लिहिता येत नाही.

१४ जानेवारी

निवृत्त होऊन पंधरवडा झाला. हार नाही, शाल नाही. नवीन परिपत्रक निघालंय म्हणे, यंत्रवाल्यांनी वही आता तीन प्रतींत ठेवायची. कळंबचं यंत्र अजून वैरणीखालीच आहे.

सबिनाचं यंत्र कोर्टातून सुटून आलं. आरोपी बाहेर, यंत्र जामिनावर. सारजाने सणाचा तिळगूळ डब्यात भरला आणि मिक्सरचं झिजलेलं चाक माझ्या हातावर ठेवलं. "आता तरी जावा." तीन वेळा अंथुर्ण्याच्या फाट्यावरून परत फिरलो होतो. आज गेलो.

अमजदभाई पंप उघडून बसले होते. वर न बघता पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. सबिनाने चाक हातात घेतलं, दात मोजले, तास-दोन तास बसवून ठेवलं. मग कागदात गुंडाळलेली पुडी माझ्यासमोर ठेवली आणि वही लिहिली: 'मिक्सरचं चाक, एक नग, १४ ग्रॅम. गिऱ्हाईक महिपती, माजी पोलीस. कारण: घरची चटणी.' वही माझ्याकडे वळवली. नवीन नियमात गिऱ्हाइकाचीही सही लागते.

मी पेन उचललं. तिने पुडीवरचं बोट काढलं नाही.

"काका, आधी उघडून बघा. मग सही करा."

मी उघडून बघितलं.